वाटेची रोजकीर्द

सह्याद्रीतील घाटवाटांचे ज्ञान पिढ्यानुपिढ्या त्या वाटांनी नित्य ये-जा करणाऱ्या धनगर, ठाकर व महादेव कोळी यांच्या स्मरणात सुरक्षित होते; आज पायी भटकणारा कोणीही तळहातावर मावणाऱ्या जीपीएस यंत्रात आपल्या वाटेची नोंद, म्हणजे ट्रॅकलॉग, घेऊन येतो आणि तिच्या भरवशावर दुसरा अनोळखी मनुष्य त्याच मुलखात पाऊल टाकतो. परक्याच्या जिवाची जोखीम ज्या दप्तरावर अवलंबून आहे, ते कसे लिहिले जाते आणि कसे राखावे, हे जाणणे म्हणूनच अगत्याचे आहे.

पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरणारे उपग्रह आपली वेळ व आपले स्थान अखंड कळवीत असतात. माथ्यावरील उपग्रहाचा संदेश यंत्रापर्यंत येण्यास सेकंदाचा सुमारे पंधरावा भाग लागतो आणि या विलंबावरून अंतर निघते. परंतु यंत्राचे साधे घड्याळ सेकंदाच्या दशलक्षांश भागाने जरी चुकले, तरी ३०० मीटरांची तफावत पडत असल्यामुळे, स्थाननिश्चितीसाठी तीन आणि घड्याळाची चूक शोधण्यासाठी चौथा, असे किमान चार उपग्रह एकाच वेळी लाभावे लागतात.

मोकळ्या आकाशाखाली उरणारी चूक काही मीटरांचीच असते. तथापि हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेसारख्या अरुंद घळीत आकाशाचा मोठा भाग कातळाने झाकलेला असतो, आणि कड्यावर आपटून आलेला संदेश लांबचा फेरा घेत असल्यामुळे नोंदीतील बिंदू वाटेपासून दूर जाऊन पडतो. विश्रांतीसाठी थांबलेल्या मनुष्याचे बिंदूही इतस्ततः पसरतात आणि न चाललेले अंतर बेरजेत चढते. उलट बिंदू फार विरळ घेतले, तर नागमोडी वाटेची वळणे छाटली जाऊन चाललेले अंतर घटते. यास्तव घाटात बिंदू दाट घ्यावेत, आणि नाळेच्या मुखाशी, पाण्याच्या टाक्यापाशी व वाट फुटते त्या जागी स्वतंत्र खूण नोंदवावी.

मूळ ट्रॅक ही रोजकीर्द समजावी आणि इतरांस द्यावयाची शुद्ध वाट ही तिच्यावरून उतरलेली खतावणी. जुन्या यंत्रांत जागा भरली की सर्वांत आधीचे बिंदू पुसले जात, आणि नोंद यंत्रातच जतन करू गेल्यास काहींत बिंदू घटून वेळाही गळून पडत. म्हणून परतताच मूळ नोंद जशीच्या तशी जीपीएक्स स्वरूपात संगणकावर उतरवावी. २००२ साली प्रचारात आलेल्या या स्वरूपात प्रत्येक बिंदूचे अक्षांश, रेखांश, उंची आणि वेळ साध्या मजकुरात राहतात; ती वेळ मात्र जागतिक प्रमाणाची, म्हणजे आपल्याहून साडेपाच तास मागची असते. संस्कार करावयाचे ते नकलेवर. अनावश्यक बिंदू गाळण्यासाठी डग्लस व प्यूकर यांनी १९७३ साली मांडलेली रीत दोन टोके सरळ रेषेने जोडते, तिच्यापासून सर्वांत दूरचा बिंदू ठरविलेल्या मर्यादेबाहेर असेल तर तो राखते आणि दोन्ही भागांत तीच क्रिया पुन्हा करते. ही मर्यादा सैल ठेवली, तर घाटातील जीव वाचविणारे वळणही नाहीसे होते.

पावसाळ्यात दरडी कोसळून वाटा बदलतात. पुढील वर्षीची नोंद जुनीशी जुळली नाही, तर यंत्र चुकले की वाटच हलली, याचा निवाडा मूळ बिंदू, त्यांच्या वेळा व त्यांची पांगापांग यांवरूनच करता येतो. घोटून गुळगुळीत केलेल्या रेषेत तो पुरावा उरत नाही. म्हणून वाट दुसऱ्याच्या हाती देताना तिच्यासोबत तारीख, ऋतू आणि नोंद कोठे शंकास्पद आहे याचा स्पष्ट शेरा द्यावा, आणि कातळाने जेथे आकाश झाकले होते, तेथे रेषेपेक्षा डोळ्यांस दिसणाऱ्या खुणा प्रमाण मानाव्यात, असे त्यात निःसंकोच लिहावे.