काडतुसाच्या मानेची पकड, आणि एमआयडीसीत कातायचा तो बुश

आजचा भाग एका श्रोत्याच्या प्रश्नावर आहे. त्याने एक रील पाठवली. अमेरिकेतला एक माणूस रिकाम्या पुंगळीत नवी गोळी बसवतोय आणि त्यासाठी डायमधला एक छोटासा बुश बदलतोय. प्रश्न असा, की "दादा, हा एवढासा बुश आपल्या नगरच्या एमआयडीसीत कोणीही कातून देईल. मग बाहेरून कशाला मागवायचा?"

कातून देईल, खरंय. पण त्या बुशाला हात लावण्याआधी दोन गोष्टी समजून घ्या. तो करतो काय, आणि आपल्या कायद्यात तो काय ठरतो.

बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढवताना पाहिलीय? धाव चाकापेक्षा किंचित लहान ठेवतात. तापवली की फुगते, चढते, पाणी मारलं की आवळते. खिळा नाही, गोंद नाही, फक्त मापातला फरक चाकाला धरून ठेवतो. वर्कशॉपमध्ये अशा बसवणीला इंटरफिअरन्स फिट म्हणतात. काडतुसात नेमकं हेच असतं. पितळी पुंगळीच्या तोंडाकडच्या अरुंद भागाला मान म्हणतात. मानेचं आतलं माप गोळीपेक्षा थोडं लहान ठेवतात. गोळी दाबून बसवली की मान ताणली जाते आणि गोळीला धरते. या पकडीला नेक टेन्शन म्हणतात.

हा फरक असतो किती? तीनशे आठ कॅलिबरच्या गोळीचा व्यास 0.308 इंच, म्हणजे 7.82 मिलिमीटर. नेमबाज साधारण 0.002 इंच फरक ठेवतात, म्हणजे जवळपास 50 मायक्रॉन. डोक्याचा केस बहुतेकदा याहून जाड असतो!

आता डायचा मुद्दा. गोळी झाडली की दाबाने मान फुगते आणि बंदुकीच्या चेंबरला टेकते. पुंगळी पुन्हा वापरायची तर मान परत आवळावी लागते, ते काम डाय करते. पण बाजारातली डाय सगळ्या कंपन्यांच्या पुंगळ्यांसाठी बनवलेली असते. पातळ पितळाची मानसुद्धा पुरेशी आवळली गेली पाहिजे, म्हणून डायचं भोक मुद्दाम लहान ठेवतात. मग मान गरजेपेक्षा जास्त आवळली जाते, आणि आतून एक गोळा ओढून ती परत रुंद करावी लागते. आधी दाबायचं, मग ताणायचं. एवढी ओढाताण झाली की पितळ कडक होतं, कधी मान वाकडीही होते.

म्हणून लोक डाय आपल्या मापाची करून घेतात. एक उपाय म्हणजे डायचं भोक होनिंग करून मोठं करायचं. स्वस्त आहे, पण एकदा मोठं केलं की परतीचा रस्ता नाही, आणि ती डाय एकाच जाडीच्या पितळाला चालते. दुसरा उपाय रीलमधला, बदलता बुश. हजाराव्या इंचाच्या टप्प्याने वेगवेगळे बुश मिळतात. समजा गोळी बसवल्यावर मानेचा बाहेरचा व्यास 0.338 भरला, तर 0.336 चा बुश घ्यायचा. पितळ थोडं उसळी मारून परत फुगतं, तेवढं धरूनच माप निवडावं लागतं. पण बुश बाहेरून दाबतो. मानेची जाडी एका बाजूला कमी-जास्त असेल तर तो खोट आत ढकलला जातो, जिथे गोळी बसते. काही जण म्हणून शेवटचं माप आतून, गुळगुळीत दांडा घालून घेतात. मला हाच मार्ग पटतो.

आणि इथे रीलवाले सहसा थांबतात. बुशाचं माप म्हणजे पकड नव्हे. दोन पुंगळ्यांचं माप तंतोतंत सारखं असूनही एकीचं पितळ दहादा वापरून कडक झालेलं असेल आणि दुसरीचं मऊ, तर पकड वेगळीच येणार. म्हणून मान तापवून पुन्हा मऊ करतात. फक्त मान, बूड कधीच नाही. बुडाला स्फोटाचा दाब झेलायचा असतो, ते मऊ झालं तर धोका नेमबाजाच्या तोंडाशी.

पितळातल्या या ताणाचा इतिहास आपल्याकडचाच आहे. ब्रिटिश काळात हिंदुस्थानात फौजेची काडतुसं पावसाळ्यात घोड्यांच्या पागांजवळ ठेवायचे, आणि वापर न करताच पुंगळ्यांना चिरा पडायच्या. दोष हवेतल्या अमोनियाचा निघाला, म्हणजे घोड्यांच्या मुताचा! ओढून घडवलेल्या पितळात ताण अडकलेला, त्यावर ओलावा आणि अमोनिया. याचा नीट उलगडा 1921 साली झाला. उपाय तोच, हलकं तापवून ताण काढून टाकायचा.

आता एवढ्या खटाटोपाने फरक किती पडतो? पकड बदलली की गोळी सुटण्याच्या क्षणाचा दाब बदलतो आणि वेग थोडा हलतो. माझा ढोबळ हिशेब सांगतो. सेकंदाला 800 मीटर वेगात 10 मीटरचा फरक पडला, तर 300 मीटरवर गोळी साधारण 2 सेंटीमीटर वर-खाली लागते. त्या अंतराच्या लक्ष्यावर दहाचं वर्तुळ 10 सेंटीमीटरचं असतं. म्हणजे जाणवेल, पण खरी किंमत आणखी लांबच्या माऱ्यात कळते. शिवाय वेग हलायला मानेखेरीज इतरही कारणं असतात. आणि घट्ट पकड म्हणजे चांगली पकड असंही नाही. प्रत्येक काडतुसात ती सारखी हवी.

आपल्या स्वप्नील कुसाळेने, कोल्हापूरच्या कांबळवाडीचा हा पोरगा, 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ मिळवलं. त्या स्पर्धेत पॉइंट टू-टू काडतूस चालतं. त्याचं स्फोटक बुडाच्या कडेत असतं, पुंगळी एकदा वापरली की भंगार. बुश नाही, डाय नाही. असे खेळाडू वेगवेगळ्या लॉटची काडतुसं आपल्या रायफलमधून झाडून बघतात आणि जमणारा लॉट उचलतात.

आता त्या श्रोत्याचं उत्तर. 1959 च्या शस्त्र कायद्यात दारूगोळ्याच्या व्याख्येतच त्याचे सुटे भाग आणि तो बनवायची यंत्रसामग्री येते. म्हणजे तुझा तो बुश बॉलपेनच्या टोपणाएवढा असला तरी काडतुसाच्या रांगेत उभा राहतो. परवान्याशिवाय दारूगोळा बनवला तर 2019 च्या दुरुस्तीनंतर शिक्षा किमान 7 वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप. ड्रॉइंग पाठवणारा आणि कातून देणारा, दोघंही गोत्यात येऊ शकतात. "मला फक्त जॉब आला होता" हे सांगून सुटशील असं समजू नकोस.

हे काम खरंच आवडत असेल तर आयटीआयचा टूल अँड डाय मेकर ट्रेड बघ. 1869 पासून चालू असलेली खडकीची दारूगोळा फॅक्टरी आपल्या नगरपासून दोन-तीन तासांवर आहे, भुसावळजवळ वरणगावचीही आहे. अप्रेंटिसच्या जाहिरातींवर लक्ष ठेव. आणि मायक्रोमीटर धरायची सवय आजपासूनच कर, 50 मायक्रॉनचा फरक नुसत्या डोळ्याने मोजता येत नाही.