चौकटींमधली कोरी जागा

चित्रकथा म्हटली की लहान मुले आठवतात. पाठ्यपुस्तकाआड लपवून वाचायची आणि सापडली की शिक्षकांच्या टेबलाच्या खणात जायची, अशी ती वस्तू. आज पन्नाशी ओलांडलेल्या अनेकांनी ‘इंद्रजाल कॉमिक्स’मधला वेताळ असाच वाचला आहे. १९६४ साली सुरू झालेली ही मालिका मराठीतही निघत असे. १९९० मध्ये ती बंद पडली. १९६७ पासून ‘अमर चित्र कथा’ही आली. पुढे आपण मोठे झालो आणि चित्रकथा मागे पडली.

काही प्रौढ वाचक मात्र पुन्हा तिच्याकडे वळतात. कोणाला माळ्यावर जुना गठ्ठा सापडतो, कोणी मुलीसाठी आणलेले पुस्तक उभ्याउभ्याच वाचून संपवतो. यात केवळ बालपणाची ओढ असते का? आम्हाला तसे वाटत नाही. चित्रकथा वाचताना नेमके काय घडते हे पाहिले, की या ओढीचे दुसरे कारण दिसू लागते.

न काढलेले चित्र

समजा, पहिल्या चौकटीत हातात दगड घेतलेला मुलगा आंब्याच्या झाडाकडे पाहतो आहे. दुसऱ्या चौकटीत खिडकीची काच फुटलेली आहे आणि दारात आजोबा उभे आहेत. दगड सुटला, नेम चुकला, काच खळकन फुटली, यांपैकी काहीच चित्रकाराने काढलेले नाही. तरी आपण ते ‘पाहिले’. दोन चौकटींमधल्या कोऱ्या पट्टीत ते आपणच घडवले.

अमेरिकन चित्रकार स्कॉट मॅक्लाउड यांनी १९९३ मध्ये ही क्रिया सविस्तर समजावून सांगितली, आणि तीही चित्रकथेच्याच रूपात. सुटे तुकडे पाहून मन त्यांचा अखंड प्रसंग बनवते. आपण या क्रियेला ‘पूर्ती’ म्हणू.

डोळ्यांचे काम पाहिले तर यात नवल वाटत नाही. आपल्याला अगदी स्पष्ट दिसणारा भाग फार लहान असतो. हात ताठ पुढे धरल्यावर अंगठ्याची जेवढी रुंदी दिसते, साधारण तेवढाच. म्हणून डोळा सेकंदाला तीन-चार वेळा उडी मारतो आणि मिळालेल्या तुकड्यांतून मेंदू सलग दृश्य उभे करतो. तुकडे जोडण्याची सवय आपल्याला आधीपासूनच असते. चित्रकथा तिच्याकडून जास्तीचे काम करून घेते.

सिनेमात वेळ दिग्दर्शक ठरवतो. चित्रकथेत ती वाचकाच्या हाती असते. त्याला थांबता येते, मागे जाता येते, एकाच नजरेत ‘आधी’ आणि ‘नंतर’ पाहता येते. लहानपणी आपण त्या पट्टीत फक्त दगड फेकतो. मोठेपणी त्या मुलाची धास्ती आणि आजोबांचे मौनही तिथे भरतो. पान तेच असते, पण भर घालायला आपल्याजवळ जास्त काही असते.

मोठ्यांच्या चित्रकथा

ही ताकद ओळखून गंभीर विषयही चित्रकथेत आले. हिरोशिमावर अणुबॉम्ब पडला तेव्हा केइजी नाकाझावा सहा वर्षांचे होते; त्या अनुभवावर आधारलेली त्यांची चित्रमालिका १९७३ पासून प्रसिद्ध झाली. आर्ट स्पीगलमन यांनी आपल्या वडिलांची नाझी छळछावणीतली हकिकत ‘माउस’मध्ये ज्यूंना उंदीर आणि जर्मनांना मांजरे दाखवून सांगितली. तिला १९९२ मध्ये विशेष पुलित्झर पुरस्कार मिळाला.

आपल्याकडे २०११ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या जीवनावरील ‘भीमायन’ आले. परधान गोंड चित्रकार दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम यांनी त्यात सरळ चौकटी नाकारल्या. मायेच्या बोलण्याचे फुगे पक्ष्याच्या आकाराचे, तर विषारी बोलण्याचे फुगे विंचवाच्या नांगीचे आहेत. शब्द वाचण्याआधीच बोलणाऱ्याचे मन कळते.

बदनामी कोठून आली?

चित्रकथेवरचा अविश्वासही तपासून पाहू. १९५४ मध्ये अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ फ्रेडरिक वर्थम यांनी, चित्रकथांमुळे मुले गुन्ह्याकडे वळतात, असे सांगणारे पुस्तक लिहिले. त्याच वर्षी तिथल्या प्रकाशकांनी स्वतःवर कडक आचारसंहिता घालून घेतली. पुढे कॅरल टिली या संशोधिकेने वर्थम यांची मूळ टिपणे तपासली. २०१२ मध्ये तिने दाखवून दिले, की मुलांची विधाने आणि तपशील ठिकठिकाणी बदलले किंवा गाळले गेले होते. म्हणजे प्रत्येक चित्रकथा चांगली असते असे नाही. पण एका गाजलेल्या आरोपाचा पुरावा कच्चा होता.

वर्गात करून पाहा

एखादी सहा चौकटींची चित्रकथा घ्या आणि चौथी चौकट कागदाने झाका. तिथे काय घडले असेल ते प्रत्येकाला दोन वाक्यांत लिहायला सांगा. मग फुग्यांतले शब्द झाकून हाच प्रयोग करा. शेवटी झाकलेला भाग उघडा आणि उत्तरे ताडून पाहा. कोणी कोणत्या खुणेवरून अंदाज केला, हे अवश्य विचारा. पुरावा आणि अनुमान यांतला फरक मुलांना इथे सहज सापडतो. वाचनात मागे पडणारे एखादे मूल इथे पुढे असल्याचेही दिसू शकेल.

मात्र हा प्रयोग आधी शिक्षकांनी स्वतः करावा. खणात जप्त केलेले एखादे पुस्तक असेलच. ते परत करण्यापूर्वी एकदा सावकाश वाचावे, चौकटींमधल्या कोऱ्या जागांसकट.