घर बदला, पण आधी सामान मोजा

घर बदलायचं म्हटलं की आपण काय करतो? आधी सामान बांधतो. फडताळातले कागद काढतो. माळ्यावर चढून बघतो. नव्या घरी सारं पोचलं, अशी खात्री झाली, की मगच जुन्या घराची किल्ली देतो. कॉम्प्युटरवर प्रोग्रॅम बदलतानाही असंच करावं.

कॉम्प्युटरवर आपली दोन कामं नेहमीची. एक, इंटरनेटवरची पानं पाहणं. सातबारा पाहायचा, बाजारभाव पाहायचा, तर ती पानं ब्राउझर दाखवतो. क्रोम, फायरफॉक्स, एज हे ब्राउझर आहेत. दुसरं काम पत्रांचं, म्हणजे ई-मेलचं. त्यासाठी थंडरबर्डसारखे वेगळे प्रोग्रॅम असतात.

हे प्रोग्रॅम कायमचे नसतात. इंटरनेट एक्सप्लोरर हा ब्राउझर १९९५ साली आला. पुढे लाखो लोक तो वापरू लागले. कंपनीनं तो जून २०२२ मध्ये बंद केला. विंडोजमधला मेल नावाचा प्रोग्रॅमही २०२४ च्या अखेरीस बंद झाला. प्रोग्रॅम बंद झाला म्हणजे आपलं सामान गेलं, असं नाही. पण ते कुठं ठेवलं आहे, हे ठाऊक पाहिजे.

पत्रांचं उदाहरण घ्या. पत्रं ठेवण्याच्या दोन रीती आहेत. एकीला आयमॅप म्हणतात. यात पत्रं ई-मेल देणाऱ्या कंपनीकडेच राहतात. आपण कुठूनही ती उघडून वाचावी. दुसरीला पॉप म्हणतात. यात पत्रं आपल्या कॉम्प्युटरवर उतरतात, आणि बहुधा कंपनीकडे त्यांची प्रत उरत नाही. म्हणजे पोस्टातून पत्र आणून घरच्या ट्रंकेत ठेवावं, तसं.

हा फरक आम्हांला ठाऊक नव्हता. आमचे धाकटे बंधू नोकरीसाठी परदेशी होते. त्यांची पत्रं पॉपच्या रीतीनं आमच्या कॉम्प्युटरवर येत. नवा कॉम्प्युटर घेतला तेव्हा आम्ही जुना पुसून देऊन टाकला. नव्यावर तोच पत्ता घातला. पेटी रिकामी! बंधू आज हयात नाहीत. त्यांचं एकही पत्र आमच्याजवळ नाही. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा. म्हणून हे सांगतो.

तुम्ही काय करावं?

पहिलं, नेहमीच्या पानांच्या खुणा घ्या. त्यांना बुकमार्क म्हणतात. ब्राउझरमध्ये बुकमार्कच्या यादीत 'एक्सपोर्ट' असं असतं. ते दाबलं की साऱ्या खुणांची एक फाइल होते. नव्या ब्राउझरमध्ये 'इंपोर्ट' दाबून ती फाइल आत घ्यावी.

दुसरं, माणसांचे पत्ते घ्या. तेही असेच 'एक्सपोर्ट' करून फाइलीत उतरतात.

तिसरं, पासवर्ड. त्यांचीही फाइल करता येते. पण ती कुणालाही उघडून वाचता येते. तिजोरीची किल्ली ओट्यावर ठेवल्यासारखंच ते! काम झालं की ती फाइल लगेच पुसून टाका. दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर तर ती करूच नका.

चौथं, पत्रं. तुमची रीत आयमॅपची की पॉपची, हे जाणकाराला विचारा. पॉपची असेल तर जुन्या कॉम्प्युटरवरची पत्रं आधी पेन ड्राइव्हवर उतरवा. थंडरबर्डची सारी पत्रं 'प्रोफाइल' नावाच्या एका फोल्डरमध्ये असतात. थंडरबर्ड बंद करून तो फोल्डरच उतरवून घ्यावा.

आता शेवटचं, आणि सर्वांत महत्त्वाचं. नवा प्रोग्रॅम आला म्हणून जुना लगेच काढू नका. महिनाभर दोन्ही राहू द्या. एखादं जुनं पत्र नव्यात उघडून पाहा. एखादी खूण दाबून पाहा. सारं सापडलं, की मग जुन्याला निरोप द्या.

प्रोग्रॅम फिरून मिळतो. गेलेल्या माणसाचं पत्र फिरून मिळत नाही.