मोटारीच्या टांकींतील गंज व त्याचें निवारण

लोखंड हा धातु बळकट खरा. परंतु हवा व पाणी हीं दोन्हीं त्यास एकदम भेटलीं म्हणजे त्याचें बळ हळूहळू नाहींसें होतें. आपल्या कर्जत-खालापूर भागांत, सह्याद्रीच्या पायथ्याशीं, वर्षास तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. त्यामुळें विळा, कोयता, खिडकीचे गज यांवर चढणारा तांबूस थर आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. परंतु जो गंज डोळ्यांस दिसत नाहीं तोच अधिक घातक. पेट्रोलच्या टांकींतील गंज त्या जातीचा होय. कोठें कोठें आजोबांच्या वेळची फियाट किंवा प्रीमियर पद्मिनी अद्यापि जपून ठेविलेली आढळते. कुर्ल्याच्या कारखान्यांत तयार होणारी ही गाडी मुंबईंत टॅक्सी म्हणून सन २०२३ पर्यंत धावत होती. अशा गाडीची टांकी कां गंजते, ती स्वच्छ कशी करावी, व तसें करितांना कोणती सावधगिरी ठेवावी, ह्याचा विचार प्रस्तुत लेखांत केला आहे.

प्रथम शंका अशी येते कीं, टांकींत तर पेट्रोल असतें. मग तेथें पाणी आलें कोठून? ह्याचें उत्तर असें कीं, टांकी श्वास घेते. दिवसा आंतील हवा तापून फुगते व बाहेर पडते. रात्रीं ती थंड होऊन आकुंचन पावते व बाहेरची दमट हवा आंत ओढली जाते. त्या हवेंतील बाष्प थंड पत्र्यावर दंवासारखें जमतें. पाणी पेट्रोलपेक्षां जड असल्यामुळें तें थेंबाथेंबानें तळाशीं जाऊन बसतें. टांकी जितकी रिकामी, तितकी हवा अधिक व तितकें पाणीही अधिक. शिवाय सन २०२५ पर्यंत देशांतील पेट्रोलांत मद्यार्काचें प्रमाण शेंकडा २० पर्यंत नेण्यांत आलें. मद्यार्क पाण्यास स्वतःकडे ओढून घेतो. आणि पाणी मर्यादेबाहेर झालें म्हणजे दोघेही पेट्रोलापासून वेगळे होऊन तळ गांठतात. महिनेच्या महिने उभ्या राहिलेल्या जुन्या गाडीस हें फारच बाधतें.

गंज लोखंडापेक्षां अधिक जागा व्यापतो. म्हणून त्याच्या खपल्या सुटतात. त्या पेट्रोलाबरोबर नळींत शिरतात, गाळणी तुंबवितात व कार्बुरेटरचीं सूक्ष्म छिद्रें बंद करितात. गाडी सपाट रस्त्यावर बरी चालते. परंतु खोपोली सोडून बोरघाट चढूं लागली कीं शिंग्रोबाच्या देवळाच्या आसपास आचके देऊन बंद पडते. चढावर इंजिनास पेट्रोल अधिक लागतें, आणि नेमकें तेव्हांच तें पुरेसें पोंचत नाहीं. मागून अवजड वाहनें येत असतां घाटांत गाडी बंद पडणें म्हणजे जिवाशीं गांठ. तेव्हां ह्या विषयास क्षुल्लक समजूं नये.

आतां मुख्य इशारा. भरलेल्या टांकीपेक्षां रिकामी टांकी अधिक भयंकर असते. पेट्रोलची वाफ हवेहून जड असते व ती टांकींत दडून राहते. हवेंत तिचें प्रमाण शेंकडा सुमारें दीड ते साडेसात असलें म्हणजे एका ठिणगीनें स्फोट होतो. म्हणून हें काम उघड्यावर करावें. जवळ चूल, विडी, विजेचें यंत्र किंवा मोबाईल असूं नये. बॅटरीची ऋण तार आधीं सोडवावी. तोंडानें नळी ओढून पेट्रोल काढण्याची रीति तर सर्वथा त्याज्य होय. विद्यार्थ्यांनीं हें काम एकट्यानें कधींही करूं नये. वडील माणूस किंवा जाणता मिस्त्री बरोबर असलाच पाहिजे. ज्या टांकींत पेट्रोल होतें, तिला वेल्डिंगची ज्योत लावणें म्हणजे मृत्यूस आमंत्रण देणें होय.

टांकी रिकामी करून गाडीपासून सोडवावी. पेट्रोलचें माप दाखविणारा तरंगणारा भाग व शोषनळी हीं काढून ठेवावीं. मग गरम पाणी व धुण्याचा सोडा घालून टांकी अनेक वेळां खळखळून धुवावी. ह्यानें वाफ जाते, आणि जुन्या पेट्रोलाचा चिकट राळेसारखा थरही सुटतो. हा थर राहिला तर पुढील औषध गंजापर्यंत पोंचतच नाहीं. वास पूर्ण गेल्यावर पाण्यासह एक लहान साखळी आंत सोडून टांकी सर्व बाजूंनीं हलवावी. खडे किंवा नट घालण्यापेक्षां साखळी बरी; कारण ती सबंध बाहेर येते, आणि आंतील आडव्या पडद्यांमागें कांहीं अडकून राहत नाहीं.

उरलेला गंज विरघळविण्यास आम्ल लागतें. आपल्या घरांतील स्त्रिया तांब्या-पितळेचीं भांडीं चिंचेनें उजळवितात, त्यांतील तत्त्व हेंच. टांकीसाठीं लिंबाचें सत्त्व, म्हणजे सायट्रिक आम्ल, सोयीचें व सौम्य आहे. एक लिटर कोमट पाण्यास सुमारें ५० ते १०० ग्रॅम घेऊन टांकी कांठोकांठ भरावी. कारण गंज वरच्या भागांतही असतो. तोंड घट्ट बंद करूं नये, आंत वायु उत्पन्न होतो. दर कांहीं तासांनीं पाहावें. बहुधा एका दिवसांत काम होतें. फार वेळ ठेविल्यास आम्ल चांगला पत्राही खाऊं लागतें. शौचकूप धुण्याचें तीव्र आम्ल मात्र वापरूं नये. तें पत्रा झपाट्यानें खातें व मागून गंज दुप्पट वेगानें येतो. साखर कारखान्याची मळी नऊ-दहापट पाण्यांत मिसळून एक-दोन आठवडे ठेविल्यासही गंज सुटतो. गंमत अशी कीं, ज्या मळीपासून मद्यार्क होतो व तो पेट्रोलांत जाऊन पाणी ओढतो, तीच मळी येथें उपकार करिते.

गंज गेला म्हणजे काम संपलें असें नव्हे. आम्ल ओतून टांकी स्वच्छ पाण्यानें, मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानें, व शेवटीं अगदीं गरम पाण्यानें धुवावी. उघडा पडलेला ओला पत्रा घटकेंत पुन्हां तांबूस होतो. यास्तव लगेच गरम हवा फुंकून ती वाळवावी. म्हणूनच हें काम पावसाळ्यांत हातीं घेऊं नये. माघ-फाल्गुनाचे कोरडे दिवस उत्तम. वाळल्यावर अंधारांत आंत दिवा धरून पाहावें. प्रकाशाचे बारीक ठिपके बाहेर दिसले तर पत्रा सडला असें समजून टांकी बदलावी. येथें काटकसर करणें धोक्याचें आहे. टांकी धड असल्यास ती बसवून पेट्रोलनें भरावी, व नवी गाळणी आणि नव्या रबरी नळ्या घालाव्या. पहिल्या कांहीं दिवसांत गाळणी पुन्हां तपासावी.

एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षांत येत नाहीं. काढलेलें घाण पेट्रोल कोठें जातें? तें अंगणांत किंवा ओढ्यांत ओतलें तर कर्जतेकडे उल्हास नदींत व खोपोलीकडे पाताळगंगेंत जाऊन मिळतें, अथवा मुरून कोणाच्या तरी विहिरींत उतरतें. तें झांकणाच्या धातूच्या डब्यांत भरून, टाकाऊ तेल गोळा करणाऱ्या गॅरेजकडे द्यावें. आपली टांकी निर्मळ करून शेजाऱ्याचें पाणी नासविणें ह्यास स्वच्छता म्हणतां येणार नाहीं.

ह्या सर्व खटाटोपापेक्षां प्रतिबंध सोपा आहे. मृगापूर्वीं टांकी भरून ठेवावी, झाकणाची रबरी कडी शाबूत आहे कीं नाहीं हें पाहावें, आणि दर पंधरवड्यास गाडी दहा-पंधरा किलोमीटर चालवून पुन्हां पेट्रोल भरावें. गंज एका रात्रींत येत नाहीं. तो दुर्लक्षाच्या मार्गानें येतो. घरीं अशी जुनी गाडी असेल तर पुढच्या पावसाळ्याची वाट न पाहतां, पालकांनीं ह्या सुटींतच मुलांस बरोबर घेऊन तिची टांकी एकदां तपासावी, एवढीच विनंती.