शब्द उलटतो, अनुभव उलटतो का?

ब्राउन आणि रायन यांनी 2003 मध्ये सजगता मोजायला 15 विधानांची प्रश्नावली केली. त्यात एक विधान यांत्रिकपणे गाडी चालवण्याबद्दल आहे. आता पाहा, मूलकडे धान रोवणाऱ्या, गाडी कधीच न चालवलेल्या बाईला आपण ते विचारलं, तर ती ‘जवळजवळ कधीच नाही’ म्हणेल. आणि आपण तिला सजगतेचे पूर्ण 6 गुण देऊन बसू! मराठीचं पुन्हा इंग्रजी करून ताडलं, तरी ही चूक सापडणार नाही. शब्द तर बरोबरच आहेत. म्हणून आधी विचारायचं, ‘यातून तुम्हाला काय समजलं?’ ‘रोवणी करताना हात चालतात, मन भलतीकडे’ हे विधान जुळतं का, तेही पाहायचं. मग पुष्कळांकडून भरून घेऊन आकडेमोड. नाहीतर आपण मन मोजत नाही, गाडी मोजतो.