संभाषण मुद्रित झाले. पण वेळेला सापडेल का?

बँक, विमा कंपनी अथवा मोबाइल कंपनीच्या ग्राहक सेवा केंद्राला दूरध्वनी केला की, सेवेचा दर्जा व प्रशिक्षण यांसाठी हे संभाषण मुद्रित केले जात असल्याची सूचना ऐकू येते. ग्राहक ती सवयीने ऐकतो आणि विसरतो. कर्जवसुली प्रतिनिधीने अरेरावी केली, दलालाने न विचारता समभाग विकले किंवा विमा विकताना दिलेले आश्वासन पुढे नाकारले गेले, की मात्र त्या सूचनेची आठवण होते आणि ध्वनिमुद्रणाची मागणी केली जाते. अशा वेळी ते सापडणे, ते त्याच संभाषणाचे असणे आणि संपूर्ण असणे या तिन्ही गोष्टी दूरध्वनी व संगणक यांना जोडणाऱ्या सॉफ्टवेअरवर अवलंबून असतात. हे सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या प्रोग्रामरला यंत्रणेच्या उत्पादकाकडून किती साह्य मिळाले, यावर त्याचा भरवसा ठरतो.

हा विषय केवळ तंत्रज्ञांपुरता राहिलेला नाही. वसुली प्रतिनिधी व ग्राहक यांच्यातील दूरध्वनी संभाषणे मुद्रित करण्याबाबत रिझर्व्ह बँकेने २००८ मध्येच बँकांना सूचना दिल्या होत्या. ग्राहकाने ऑर्डर दिल्याचा पुरावा जवळ ठेवूनच दलालाने व्यवहार करावा, असे 'सेबी'ने मार्च २०१८ मध्ये स्पष्ट केले. अशा पुराव्यांमध्ये दूरध्वनीच्या ध्वनिमुद्रणाचाही समावेश आहे.

दूरध्वनी आणि संगणकाची सांगड

पूर्वी कार्यालयातील दूरध्वनी केंद्र, म्हणजे ईपीएबीएक्स, आणि संगणक ही दोन स्वतंत्र यंत्रे होती. त्यांना जोडण्यासाठी युरोपातील संगणक उत्पादकांच्या 'एक्मा' या संघटनेने १९९२ मध्ये 'सीएसटीए' हे प्रमाणक प्रसिद्ध केले. पाठोपाठ १९९३ मध्ये मायक्रोसॉफ्ट व इंटेल यांनी 'टीएपीआय' आणले. नॉव्हेल आणि एटी अँड टी यांनी 'टीएसएपीआय'चा पर्याय दिला. पुढे जावा या संगणकीय भाषेसाठी 'जेटीएपीआय' तयार झाले.

या नावांतील 'एपीआय' म्हणजे एका सॉफ्टवेअरने दुसऱ्या यंत्रणेकडे काम मागण्याची ठरवून दिलेली पद्धत. बँकेच्या खिडकीवर विहित नमुन्यातील स्लिप भरून दिली की पैसे मिळतात. त्यासाठी ग्राहकाला तिजोरीपर्यंत जावे लागत नाही, तसाच हा प्रकार. क्रमांक फिरव, कॉल उचल, थांबवून ठेव, दुसऱ्याकडे वळव अशा आज्ञा सॉफ्टवेअर देते. उलट दिशेने घंटी वाजली, कॉल जोडला गेला, कॉल संपला अशा घटनांची वर्दी केंद्राकडून येते. प्रतिनिधीने कॉल घेताच ग्राहकाचे खाते त्याच्या पडद्यावर झळकते, ते या वर्दीमुळेच.

मात्र, प्रमाणक एक असले तरी प्रत्येक उत्पादकाची अंमलबजावणी निराळी असते. 'टीएपीआय'मध्ये सेवांची यादी मोठी होती. परंतु एखाद्या केंद्राच्या ड्रायव्हरमध्ये त्या सर्व उपलब्ध असतीलच, अशी खात्री नव्हती. त्यामुळे कोणत्या सेवा उपलब्ध आहेत, हे सॉफ्टवेअरला आधी विचारून घ्यावे लागे. पुढे १९९९ मध्ये मार्क स्पेन्सर यांनी 'अ‍ॅस्टरिस्क' हे मुक्त दूरध्वनी सॉफ्टवेअर सुरू केले. इंटरनेटवरून कॉल जोडण्याच्या 'सिप' या पद्धतीचे आजही आधारभूत असलेले प्रमाणक २००२ मध्ये निश्चित झाले. ट्विलिओसारख्या कंपन्यांनी २००८ नंतर दूरध्वनी सेवा इंटरनेटवरून भाड्याने देण्यास प्रारंभ केला. खिडक्या वाढल्या, मात्र प्रत्येक खिडकीवरचा नमुना वेगळाच राहिला.

आवाज कोठून उचलायचा?

संभाषण मुद्रित करण्याचे मुख्यतः तीन मार्ग आहेत. पहिला मार्ग वाहिनीला समांतर जोडणी देऊन ऐकण्याचा. इंटरनेट दूरध्वनीत हेच काम नेटवर्क स्विचमधून जाणाऱ्या पॅकेटांची नक्कल घेऊन केले जाते. या पद्धतीत दूरध्वनी केंद्राला हात लावावा लागत नाही. परंतु संभाषण सांकेतिक स्वरूपात जाऊ लागले की अशा नकलेतून खरखरीशिवाय काहीच हाती लागत नाही.

दुसऱ्या मार्गात केंद्र स्वतःच आवाजाची एक प्रत मुद्रण सर्व्हरकडे पाठवते. यासाठी 'सिपरेक' हे प्रमाणक २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. आवाजाबरोबर कोणती माहिती पाठवावी, याचे स्वतंत्र प्रमाणकही त्याच वर्षी आले. तिसऱ्या मार्गात भाड्याच्या सेवेला मुद्रणाची आज्ञा दिली जाते आणि काम पूर्ण झाल्यावर ती सेवा ध्वनिफितीचा पत्ता कळवते.

दूरध्वनीच्या पारंपरिक 'जी.७११' पद्धतीत एका बाजूचा आवाज सेकंदाला ६४ हजार बिट एवढी जागा घेतो. म्हणजे तासाला सुमारे २९ मेगाबाइट. ग्राहक आणि प्रतिनिधी यांचे आवाज स्वतंत्र ठेवल्यास ही जागा सुमारे ५८ मेगाबाइटवर जाते. शंभर प्रतिनिधी रोज सहा तास बोलत असतील, तर दिवसाला साडेचौतीस गिगाबाइटचा साठा तयार होतो. जागा वाचविण्यासाठी अनेकदा दोन्ही आवाज एकत्र केले जातात. पुढे वाद उद्भवला आणि दोघे एकाच वेळी बोललेले असले, तर कोणते वाक्य कोणाचे, हे सांगणे कठीण होऊन बसते. साठवणुकीत केलेली काटकसर पुराव्याच्या मुळावर येते ती अशी.

खरी अडचण ओळखक्रमांकाची

ध्वनिमुद्रण न सापडण्याचे कारण दर वेळी ते झालेच नाही, हे नसते. पुष्कळदा ते दुसऱ्याच नावाखाली पडून राहिलेले असते. समजा, नाशिकच्या एका ग्राहकाने बँकेला दूरध्वनी केला. पहिल्या प्रतिनिधीने त्याला थांबवून वरिष्ठांना विचारले आणि मग कॉल त्यांच्याकडे वळवला. ग्राहकाच्या दृष्टीने हे एकच संभाषण. केंद्राच्या दृष्टीने मात्र ग्राहकाचा एक कॉल, सल्ल्यासाठी केलेला दुसरा कॉल आणि दोन्ही जुळल्यावर बऱ्याच यंत्रणांत एक नवाच ओळखक्रमांक. ध्वनिमुद्रणाचेही दोन-तीन तुकडे होतात. हे तुकडे एकाच साखळीत गुंफण्याची तजवीज सॉफ्टवेअरने केली नसेल, तर ग्राहकाच्या खात्यावर केवळ पहिला तुकडा नोंदला जातो आणि वरिष्ठांनी दिलेले आश्वासन कोठेच आढळत नाही.

दुसरी अडचण घड्याळांची. दूरध्वनी केंद्र व मुद्रण सर्व्हर यांच्या वेळांत दोन मिनिटांचा फरक पडला, तरी वेळेवरून शोध घेणाऱ्याच्या हाती भलतेच संभाषण लागू शकते. तिसरी अडचण वर्दीची. संपर्क क्षणभर तुटला की एखादी वर्दी गळते, तर कधी एकच वर्दी दोनदा येते. या दोन्ही शक्यता गृहीत धरून सॉफ्टवेअर लिहावे लागते.

कार्डाने पैसे घेताना तर अधिक दक्षता लागते. कार्ड कंपन्यांच्या 'पीसीआय' सुरक्षा नियमांनुसार कार्डावरील सांकेतिक सुरक्षा क्रमांक व्यवहाराला मंजुरी मिळाल्यानंतर सेवा देणाऱ्या व्यापाऱ्याला साठवता येत नाही. ध्वनिमुद्रण त्याला अपवाद नाही. म्हणून ग्राहक तो क्रमांक सांगत असताना मुद्रण थांबविण्याची आणि नंतर पुन्हा सुरू करण्याची आज्ञा दिली जाते. ही दुसरी आज्ञा पोहोचलीच नाही, तर पुढचे सारे संभाषण कायमचे हरवते.

प्रोग्रामरला साह्य म्हणजे काय?

हे सर्व बारकावे उत्पादकाला ठाऊक असतात. ते प्रोग्रामरपर्यंत पोहोचविणे म्हणजे साह्य. केवळ आज्ञांची यादी छापल्याने ते साधत नाही. कॉल वळवल्यावर ओळखक्रमांकाचे काय होते, कोणत्या क्रमाने वर्द्या येतात, ध्वनिफीत तयार होण्यास विलंब का लागतो, संपर्क तुटल्यानंतर गळलेली माहिती मागून घेता येते का, हे दस्तऐवजात उदाहरणांसह असावे लागते. प्रत्यक्ष ग्राहकांना त्रास न देता प्रयोग करण्यासाठी चाचणी यंत्रणा लागते. जुनी आवृत्ती बंद करायची असल्यास पुरेशी आगाऊ सूचना द्यावी लागते.

मदत मागणाऱ्यावरही काही जबाबदारी आहेच. 'ध्वनिमुद्रण होत नाही' एवढ्याच तक्रारीतून काही निष्पन्न होत नाही. कॉलचा ओळखक्रमांक, अचूक वेळ, सॉफ्टवेअरची आवृत्ती, आलेला त्रुटी संकेत आणि नोंदवही एवढे दिल्यास दोष लवकर हाती लागतो. घाईच्या भरात ग्राहकाचे मूळ संभाषणच परक्या कंपनीकडे धाडले जाऊ नये, हे पथ्य मात्र कटाक्षाने पाळावयास हवे. चाचणीसाठी कार्यालयातील दोघांचे बनावट संभाषण पुरेसे असते.

मोबाइलवरील बंद झालेली दारे

दुसऱ्याच्या इंटरफेसवर उभारलेले काम किती अस्थिर असते, याचा धडा मोबाइल ॲप बनविणाऱ्यांना मिळाला. अँड्रॉइडवर कॉल मुद्रित करणारी ॲप एके काळी मुबलक होती. गुगलने २०१८ मध्ये आलेल्या नवव्या आवृत्तीपासून त्यांचे मार्ग बंद करण्यास सुरुवात केली. त्यावर अनेकांनी अपंग वापरकर्त्यांसाठी असलेल्या 'ॲक्सेसिबिलिटी' सुविधेतून वाट काढली. ११ मे २०२२ पासून प्ले स्टोअरच्या धोरणाने तीही बंद केली. फोन उत्पादकांनी स्वतः बसविलेल्या डायलरमधील मुद्रणाची सोय मात्र कायम राहिली.

आयफोनवर नेहमीच्या कॉलचा आवाज थेट मुद्रित करण्याची मुभा ॲपलने बाहेरच्या ॲपना दिलेलीच नव्हती. काही ॲप तिसरा क्रमांक कॉलमध्ये जोडून हे काम करीत. ऑक्टोबर २०२४ मध्ये ॲपलने स्वतःच मुद्रणाची सोय दिली. पण ती सुरू होताच दोन्ही बाजूंना तशी घोषणा ऐकू येते. चोरून होणाऱ्या मुद्रणाला आळा बसला, हे या बदलांचे स्वागतार्ह फळ. मात्र, विक्री प्रतिनिधींच्या मोबाइलवरील ॲपच्या आधारे नोंदी ठेवणाऱ्या छोट्या व्यवसायांना केंद्रामार्फत अथवा भाड्याच्या सेवेमार्फत कॉल नेण्यावाचून फारसा पर्याय उरला नाही.

पुराव्याची कसोटी

ध्वनिमुद्रणाला न्यायालयात किती किंमत, हा प्रश्न जुना आहे. आर. एम. मलकानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य या १९७२ मध्ये निकाली निघालेल्या खटल्यात मुंबईतील एका लाचप्रकरणाशी संबंधित संभाषण टेपरेकॉर्डर जोडून मुद्रित करण्यात आले होते. सर्वोच्च न्यायालयाने ते ग्राह्य मानले. संभाषण प्रकरणाशी संबंधित असावे, आवाज ओळखता यावा आणि फितीत खाडाखोड झाल्याची शक्यता नसावी, अशा कसोट्या तेव्हा घालून दिल्या गेल्या. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमातील कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावे लागते आणि त्यात फाइलचे 'हॅश' मूल्य नमूद करावयाचे असते. फाइलमध्ये किंचित बदल झाला तरी हे मूल्य बदलते. म्हणूनच ध्वनिफीत तयार होताच ते काढून सुरक्षित ठेवणे शहाणपणाचे ठरते.

दुसरीकडे खासगीपणाचा हक्क आहे. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१७ मध्ये तो मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा दिला. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये संमत झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. त्यांची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने होत आहे. ज्या उद्देशाने माहिती घेतली तो संपल्यावर आणि अन्य कायद्याने ती जपण्याचे बंधन नसल्यास ती पुसून टाकावी, हे या कायद्याचे एक सूत्र आहे. पुरावा म्हणून जपायचे आणि गरज संपताच पुसायचे, अशी ही दुहेरी जबाबदारी असून ती पेलण्यासाठी प्रत्येक ध्वनिफीत कोणाची, कशासाठी घेतलेली आणि केव्हापर्यंत ठेवायची, याची नोंद तिच्यासोबतच हवी.

तेव्हा मुद्रण यंत्रणा विकत घेताना किंमत आणि साठवण क्षमता यांच्या पलीकडे पाहणे गरजेचे आहे. दोन वेळा वळवलेला, मध्ये थांबवलेला एक कॉल विक्रेत्यासमोर करावा आणि आठवड्याने केवळ ग्राहकाच्या क्रमांकावरून तो अथपासून इतिपर्यंत ऐकवावयास सांगावे. या साध्या चाचणीत जी यंत्रणा उतरेल, तिच्याच भरवशावर ग्राहकाला ती परिचित सूचना ऐकवावी.