दुखावलेला पाय आणि धीराचा व्यायाम

पहाटेच्या वेळी नारायणगाव किंवा मंचरकडील रस्त्याने जाणाऱ्या मनुष्यास एक दृश्य हटकून दिसते. पायांत झिजलेले बूट घातलेली मुले व मुली दोघातिघांच्या टोळीने धावत असतात. कोणास शाळेच्या क्रीडास्पर्धेत नाव काढावयाचे असते, तर कोणास पोलिसात वा सैन्यात भरती व्हावयाचे असते. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर व मुलींना ८०० मीटर धावावे लागते. आणि त्या थोडक्या मिनिटांवर कित्येक घरांच्या आशा अवलंबून असतात. म्हणूनच घोटा मुरगळला किंवा नडगी दुखू लागली की पुष्कळ मुले ते दुखणे घरच्यांपासून व गुरुजींपासून लपवितात. प्रस्तुत लेख अशा मुलांसाठी व त्यांच्या आईबापांसाठी आहे.

अशा वेळी दोन प्रकारच्या चुका घडतात. पहिली ही की, दुखण्याकडे डोळेझाक करून धावणे चालूच ठेवावयाचे. दुसरी ही की, पाय गरम तेलाने खसखसून चोळावयाचा, घट्ट बांधावयाचा, दुखणे थांबेपर्यंत अंथरुणास खिळून राहावयाचे, आणि ते थांबताच पूर्वीच्याच वेगाने धावत सुटावयाचे. पहिली चूक सर्वांस कळते. दुसरी मात्र शहाणपणासारखी दिसते, म्हणून तीच अधिक फसवी होय.

ही चूक का, हे समजण्यासाठी सांध्याच्या आत काय घडते ते पाहू. हाडांस एकमेकांशी जखडून ठेवणारे चिवट पट्टे असतात, त्यांस अस्थिबंध म्हणतात. पाऊल आत वळून मुरगळले की घोट्याच्या बाहेरील अंगाचे अस्थिबंध ताणले जातात वा फाटतात. पहिले काही दिवस तेथे सूज येते. पुढील काही आठवड्यांत शरीर नवे तंतू तयार करते. परंतु हे तंतू प्रथम विखुरलेल्या काटक्यांप्रमाणे आडवेतिडवे पडलेले असतात. त्यानंतर कित्येक महिने, ज्या दिशेने त्यांवर बेताचा ताण पडतो त्या दिशेने ते ओळीने बसत जातात व बळकट होतात. ताणच पडला नाही, तर ते दुबळेच राहतात. शिवाय निजून राहिल्याने पोटरी व मांडी रोडावते, आणि पाऊल कसे पडत आहे हे मेंदूस कळविणारी सांध्यातील जाणीवही मंद होते. एकदा मुरगळलेला घोटा पुन्हा पुन्हा मुरगळतो, याचे एक मोठे कारण हेच होय. सारांश, दुखणे थांबणे ही एक गोष्ट, आणि पाय बरा होणे ही दुसरी.

या दोहोंमधील वाट चालण्यास मदत करणारे शास्त्र म्हणजे भौतिकोपचार, अर्थात फिजिओथेरपी. हा जाणकार मनुष्य केवळ यंत्राने शेक देणारा नव्हे. तो दोन्ही पायांचे बळ ताडून पाहतो, चालण्याची ढब न्याहाळतो, आणि आज किती भार व उद्या किती, हे ठरवून देतो.

मात्र त्यापूर्वी हाड मोडलेले नाही याची खात्री करावी. कॅनडातील ओटावा येथील वैद्यांनी १९९२ मध्ये यासाठी काही सोपे नियम प्रसिद्ध केले. पायावर भार देऊन चार पावलेही टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या हाडाच्या मागील कडेवर वा टोकावर दाबताच कळ येत असेल, तर क्ष-किरण चित्र काढावे. नडगीच्या हाडावर एकाच ठिकाणी बोट ठेवताच दुखत असेल, रात्रीही ठणकत असेल, तर हाडास बारीक तडा गेल्याचा संशय धरावा. असा तडा आरंभीच्या चित्रात दिसतोच असे नाही. आणि तो असल्यास पुष्कळदा सहा ते आठ आठवडे धावणे बंद ठेवावे लागते. अशा वेळी मंचर, जुन्नर वा घोडेगाव येथील सरकारी रुग्णालयात दाखविण्यास विलंब करू नये.

हाड शाबूत असल्यास साध्या मुरगळीचा क्रम बहुधा असा असतो. पहिले दोन-तीन दिवस पाय उशीवर उंच ठेवावा, लवचिक पट्टी बांधावी, फडक्यात गुंडाळलेला बर्फ थोडा थोडा वेळ लावावा, चोळू नये. मग पायाच्या अंगठ्याने हवेत अ, आ, इ, ई गिरवावे, म्हणजे सांधा सर्व दिशांनी फिरतो. पुढे भिंतीजवळ एका पायावर उभे राहण्याचा सराव करावा, व हळूहळू टाचा उचलण्याचा व्यायाम करावा. अर्धा तास झपाझप चालता आले, की एक मिनिट धावणे व दोन मिनिटे चालणे, असा आरंभ करावा. दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणे वा सूज वाढलेली आढळल्यास एक पायरी मागे यावे. शिवनेरीच्या पायऱ्या व आहुप्याकडील उतार सर्वांत शेवटी; कारण उतरताना मांडीचे स्नायू लांबत असतानाच भार पेलतात, व तो त्यांस अधिक जड जातो.

बेताचा भार हेच औषध कसे ठरते, याची एक मौजेची हकीकत आहे. स्वीडनमधील हाकान आल्फ्रेडसन या अस्थिशल्यवैद्यांची टाचेवरील शीर धावण्यामुळे दुखत असे. त्यांचे वरिष्ठ शस्त्रक्रिया करण्यास तयार होईनात. तेव्हा शीर तुटली म्हणजे तरी शस्त्रक्रिया करतील, अशा त्राग्याने त्यांनी तिच्यावर भार देण्यास सुरुवात केली. आणि आश्चर्य असे की, शीर तुटण्याऐवजी बरी झाली! पुढे १९९८ मध्ये त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १५ धावणाऱ्यांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध केला. पायरीच्या कडेवर चवडे ठेवून टाच सावकाश खाली सोडणे, हाच तो व्यायाम. तो दररोज १८० वेळा, १२ आठवडे. ते पंधराही जण पुन्हा धावू लागले. या उपचारास मुख्यतः एक पायरी आणि धीर लागला. मात्र प्रत्येक दुखण्यास हाच उपाय नव्हे. म्हणून जाणत्याचा सल्ला हवाच.

आपल्याच महाराष्ट्रातील बीड जिल्ह्याच्या मांडवा गावचे अविनाश साबळे यांचे उदाहरण पाहा. २०१८ मध्ये घोट्याच्या दुखापतीमुळे त्यांची आशियाई स्पर्धेची संधी हुकली. त्याच वर्षी भुवनेश्वर येथे त्यांनी ३००० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीतील गोपाळ सैनी यांचा ३७ वर्षांचा राष्ट्रीय विक्रम मोडला. २०२२ मध्ये बर्मिंगहॅमला रौप्यपदक, २०२३ मध्ये हांगझाऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक, आणि २०२४ मध्ये या शर्यतीत ऑलिंपिकची अंतिम फेरी गाठणारा पहिला भारतीय पुरुष होण्याचा मान, असा त्यांचा पुढील प्रवास आहे. जुलै २०२५ मध्ये मोनाको येथे ते पडले, गुडघा दुखावला, शस्त्रक्रिया करावी लागली, व त्या वर्षीच्या टोकियोच्या जागतिक स्पर्धेस ते मुकले. गुडघ्यातील मुख्य अस्थिबंध जोडल्यावर मैदानात परतण्यास साधारण नऊ महिने वा अधिक काळ लागतो. एवढ्या मोठ्या धावपटूसही ही वाट जवळ करून मिळत नाही, मग आपणास कोठून मिळावी?

आईबापांस एवढीच विनंती की, मुलाने दुखणे सांगितले असता रागावू नये. रागाच्या भयानेच ते लपविले जाते. आणि मुलांनो, पश्चिमेकडील खाचरांत भाताची रोपे लावल्यावर ती काही दिवस पिवळट व मलूल दिसतात, हे तुम्ही पाहिलेच असेल. त्यांनी मूळ धरले की नाही हे पाहण्यासाठी कोणी शेतकरी ती उपटीत नाही. तो बांध राखतो, पाणी बेताचे ठेवतो, व वाट पाहतो. यंदाची भरती हुकली तर पुढील येईल. पाय मात्र हेच दोन जन्मभर वापरावयाचे आहेत.